लेकरं, आई आणि घोडे: फार्मवर तीन दिवस यायच्या आधी

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून तीन दिवस संभाजीनगर बाजूला यायचंय, तुम्ही, वहिनी, ११ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या आई, घोडेस्वारी असलेलं एखादं कृषी पर्यटन केंद्र बघताय, माथेरानचा एक राउंड सोडला तर घरात कुणी घोड्यावर बसलेलं नाही, तुमचं वजन ९४ किलो, आणि विचारलंय की "कुठलं ठिकाण चांगलं, आणि लहान्यासाठी सेफ आहे का".

मी मूळचा कंधारकडचा, आजोबांपासून घरात घोडी असायचीच, आणि गेली १९ वर्षं खुलताबाद तालुक्यात घोडे सांभाळतो, मुक्कामाला आलेल्या फॅमिलीज ना बसायला शिकवतो. तरी ठिकाणाचं नाव मी सांगणार नाही, स्वतःचंही नाही. कारण घोड्याचं ठिकाण मालकापेक्षा मोतद्दारावर, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या माणसावर चालतं. चांगला मोतद्दार सोडून गेला की तेच घोडे सहा महिन्यांत चावरे, अडेल होतात, फोटो मात्र तेच राहतात. त्यामुळे मागच्या वर्षी कुणाला छान वाटलेलं ठिकाण यंदा तसंच असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, तुम्हालाच बघायला शिकावं लागेल. ते काही अवघड नाही, अर्ध्या तासात कळतं, कसं ते खाली सांगतो.

त्याआधी खरा प्रश्न काय आहे ते. जवळपास सगळेच फोनवर विचारतात की तीन दिवसांत किती वेळ बसायला मिळेल. मी म्हणतो हे विचारा की बसायच्या आधी घोड्याजवळ किती वेळ राहायला मिळेल. ज्या ठिकाणी चारा घालणं, पाणी दाखवणं, खरारा करणं (ब्रशनं अंग घासणं) हे पाहुण्यांना करू देतात तिथला घोडा माणसाळलेला असतोच, नसेल तर मालक लेकरांना जवळ जाऊच देणार नाही. आणि जिथे घोडा सकाळपासून जीन कसून गेटपाशी उभा, लेकरू चढवलं, फोटो काढला, दोन चकरा, उतरवलं, पुढचा, तिथे घोडा कसा आहे हे त्या मालकालाही धड माहीत नसतं. अमेरिकेत गेस्ट रँच म्हणून सुट्टीचा प्रकार आहे, तिथे लोक आठवडा आठवडा राहतात आणि बऱ्याच ठिकाणी पाहुण्याला पहिल्या दिवशी एक घोडा देतात, तो शेवटपर्यंत त्याचा. आपल्याकडे आठवडा कुणी राहत नाही, पण ही पद्धत तीन दिवसांतही जमते. बुकिंग करतानाच सांगा की मुलीला तिन्ही दिवस एकच घोडी पाहिजे. पहिल्या दिवशी घोडी तिला ओळखत नसते, तिसऱ्या दिवशी तिचा आवाज आला की कान इकडे वळवते, आणि लेकराची निम्मी भीती तिथेच जाते.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे महिना. डिसेंबर तुम्ही निवडलाय ते बेस्ट केलंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आमच्याकडचा खरा सीझन, सकाळी स्वेटर लागतो, घोडे ताजेतवाने असतात, आणि महिनाअखेरीपासून ज्वारीचा हुरडा सुरू होतो त्यामुळे आईंना पण मजा येईल, आगटीपाशी बसून गरम हुरडा, लसणाची चटणी, दही, गूळ. मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. मराठवाड्यात मे मध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, आणि १९६५ च्या ओझं वाहणाऱ्या जनावरांच्या नियमांत स्पष्ट आहे की जिथे तापमान ३७ च्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जनावराला कामाला लावायचं नाही. मी तर उन्हाळ्यात सकाळी ८ नंतर जीन कसतच नाही. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं खरं, पण आमची काळी माती ओली झाली की घोड्याच्या खुराला किलो किलो चिकटते, पाय घसरतो, मुरगळतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये फक्त मुरमाड जागेवर नाहीतर वाळू टाकलेल्या रिंगणातच बसवायचं.

दुसरं म्हणजे जमीन. शेतातून राइड म्हटलं की शहरातल्या माणसाला हिरवा गालिचा दिसतो. डिसेंबरमध्ये आमच्याकडे तुरी काढणीला येतात, आणि तूर कापल्यावर जमिनीत जी खुंटं राहतात ती भाल्यासारखी असतात, घोडा पडला किंवा माणूस पडला तर वाईट लागतं. शिवाय बिनकठड्याच्या विहिरी, रानडुकरांसाठी बांधाला लावलेलं झटका मशीनचं तार (एकदा झटका बसला की घोडा तो रस्ता जन्मभर विसरत नाही), आणि उसाच्या सीझनमध्ये मोठ्यानं गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर. तेव्हा फोनवर विचारा की बाहेर नेता तो रस्ता कुठून जातो. जो माणूस नीट सांगेल की अमुक पाणंदीनं, तमुक माळावरून, ट्रॅक्टर या वेळेला येतात म्हणून आम्ही त्या आधी जातो, त्याच्याकडे जा. "सगळीकडे फिरवतो साहेब" म्हणणाऱ्याकडे नको.

फोनवर अजून दोन-तीन गोष्टी विचारायच्या. घोडे किती आणि त्या दिवशी पाहुणे किती. पैसे राउंडवर घेता की मुक्कामात धरलेत. राउंडवर असेल तर घोड्याला दिवसभर विश्रांती नाही हे जवळपास ठरलेलंच. घोड्यांची ग्लँडर्सची रक्त तपासणी झालीय का, हा रोग घोड्यातून माणसाला होऊ शकतो म्हणून. सगळ्यात जवळचा माणसांचा दवाखाना किती मिनिटांवर. आणि मी आवर्जून सांगतो तो प्रश्न, "तुमच्याकडे शेवटचं कोण पडलं होतं, आणि कसं?" घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाकडे कुणी ना कुणी पडलेलं असतंच. जो म्हणेल आमच्याकडे आजपर्यंत कुणीच पडलं नाही, तो एकतर कालपरवा धंद्यात आलाय नाहीतर खोटं बोलतोय. जो सांगेल की मागच्या दिवाळीत एक बाई पडल्या, कुत्रं आडवं आलं, त्यानंतर आम्ही कुत्री बांधायला लागलो, तो माणूस शिकतोय. सरकारचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, ती आहे का विचारा, असलेली बरी, पण नोंदणी आहे म्हणजे घोडेही कुणी तपासलेत असं समजू नका.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर त्यात आहे. साधारण १२ वर्षांपूर्वी मी एक घोडा घेतला, देखणा, पांढराशुभ्र, वरातीतला. बँड वाजो, फटाके फुटो, जागचा हलायचा नाही. मला वाटलं यापेक्षा शांत घोडा लेकरांना कुठला मिळणार. एक ९ वर्षांची मुलगी बसवली. दहा पावलं गेली, घोड्यानं मान हलवली, ती घाबरली आणि घाबरलेलं लेकरू जे करतं तेच तिनं केलं, दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढला आणि पाय पोटाला घट्ट आवळले. वरातीच्या घोड्याला नाच शिकवताना नेमकं हेच शिकवलेलं असतं, वरून लगाम आवळला आणि खालून टाच लागली की नाचायचं, पुढचे पाय उचलायचे. त्या बिचाऱ्यानं सांगितलेलं काम केलं. मुलगी मागे घसरून पडली, मनगट मोडलं. तिच्या वडलांनी मला एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून नाचाचा घोडा मी पाहुण्यांना देत नाही, किती का गरीब असेना. आणि तुम्हालाही हेच सांगणं आहे, जिथे जाल तिथे पहिल्यांदा विचारा हा घोडा वरातीला जातो का. आमच्याकडे लग्नसराईत घोडा वरातीला आणि बाकी वेळ पर्यटकांना असं बऱ्याच ठिकाणी चालतं, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही, त्यामुळे सरळ विचारलं तर खरं सांगतातही.

अजून एक. आमच्या भागात हौसेनं पाळलेले घोडे बहुतेक मारवाडी नाहीतर काठेवाडी, आतल्या बाजूला वळलेले कान, उंच मान, आणि बरेचसे आंडील, म्हणजे खच्ची न केलेले. माळेगावच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या बाजारात अशाच घोड्याला भाव येतो. देवमन (गळ्यावरचा शुभ भोवरा) बघतात, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का बघतात, रेवाल (झटके न देणारी) चाल बघतात. पण बाजारात भाव खाणारा घोडा आणि लेकराला बसवायचा घोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंडील घोडा एरवी कितीही शहाणा असो, शेजारच्या वावरात माजावर आलेली घोडी असली की त्याचं लक्ष पाठीवरच्या माणसावर राहत नाही. नवख्या माणसाला आख्ता म्हणजे खच्ची केलेला घोडा, नाहीतर दहा-बारा वर्षांची पोक्त घोडी. लेकरांसाठी मला सगळ्यात आवडतं ते आपलं भीमथडी तट्टू, धनगरांच्या मेंढरांबरोबर संसार पाठीवर घेऊन चालतं ना, तेच. बुटकं, कणखर, पाय ठेवायला पक्कं. २०२४ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली तेव्हा मला इतका आनंद झाला की गावात पेढे वाटले. बुटकं असण्याचा फायदा साधा आहे, लेकरू पडलं तरी कमी उंचीवरून पडतं, आणि शेजारी चालणाऱ्या माणसाचा हात त्याच्या कमरेपर्यंत पोचतो.

पोचल्यावर बघायचं ते असं. लगेच बसू नका, चहा घ्या आणि तबेल्यात चला म्हणा. घोड्याच्या पाठीवर, जीन बसते तिथे, काळ्या किंवा कुमैत (तांबूस-तपकिरी) घोड्याला पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते जन्मखूण नसतात, तिथे कधीतरी जीन लागून जखमा झालेल्या असतात, केस परत येतात ते पांढरे येतात. एखादा जुना ठिपका असेल तर आधीच्या मालकाचा असू शकतो, पण चार घोड्यांपैकी तिघांना असतील तर इथल्या जिनाच बरोबर नाहीत. ओली जखम दिसली तर त्या घोड्यावर बसायचंच नाही, कारण दुखऱ्या पाठीवर वजन आलं की गरीब घोडाही उसळतो. तंग (जिनेचा पोटाखालचा पट्टा) जिथे आवळतात ती काखेमागची जागा बघा, ओठांचे कोपरे बघा. कडियाळ (लगामाचं तोंडात घालायचं लोखंड) हातात घेऊन बघा, त्याला काटे असतील तर पैसे सोडा पण तिथे थांबू नका, काटेरी कडियाळ वर सांगितलेल्या १९६५ च्या नियमांतच बंद आहे. पाण्याच्या हौदात शेवाळ आहे का, सावली आहे का, नाल ढिला वाजतोय का. मग मोतद्दाराला सांगा जरा ओठ वर करून दाखवा, आणि हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. जास्त वेळ लागला तर घोडा पाण्याला कमी पडलाय किंवा आजारी आहे. हे तुमच्या मुलीला करायला लावा, तिला घड्याळ लावून मोजायला फार आवडेल.

तुमचं स्वतःचं. ९४ किलो आहे ते मोकळेपणानं लिहिलंत ते बरं केलं, बरेच जण लपवतात आणि घोडा भोगतो. आम्ही जो हिशोब पाळतो तो असा, की माणूस आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जायचं नाही. घोड्याला काट्यावर कोण घेऊन जाणार, तर टेपनं मोजायचं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८८०, की अंदाजे किलो येतात. माझ्या एका घोडीचा घेर १६२, लांबी १५५, म्हणजे ३४२ किलो. तिचे २० टक्के ६८. त्यातून जीन ८-९ किलो वजा केली की माणूस ६० चाच पाहिजे. तुम्हाला पाचशे दहा-पंधरा किलोचा तरी घोडा लागेल आणि असा आमच्या भागात क्वचित मिळतो. त्या सरकारी नियमांतसुद्धा तट्टाच्या पाठीवर ७० किलोच ओझं धरलंय. त्यामुळे माझा प्रामाणिक सल्ला, तुम्ही बसू नका, कुणी "काही होत नाही साहेब, बसा" म्हणालं तरी. तुम्ही मुलाची दोरी धरून चाला. बापाच्या हातात दोरी असलेलं लेकरू कसं बसतं हे बघितलंय मी, पाठ ताठ असते त्याची. वहिनींचं तुम्ही लिहिलं नाही, त्या ५५-६० च्या आत असतील तर खुशाल बसू दे.

आता लहान्याचं. ५ वर्षांचं लेकरू सेफ आहे का, तर बसवायला हरकत नाही पण स्वारी नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. त्या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं, पाय जेमतेम जिनेच्या कडेपर्यंत येतात, रिकिबीत (पाय ठेवायच्या कड्यात) पाय पोचत नाही, तोल गेला तर सावरायला ताकद नसते. त्यामुळे बुटकं तट्टू, एक माणूस दोरी धरायला, एक माणूस शेजारी लेकराच्या मांडीवर हात ठेवून, फक्त चाल, दुडकी (हळू उसळत पळणं) नाही, आणि १० मिनिटं बस. लेकराला जिनेला बांधायचं नाही, ओढणीनं नाही, पट्ट्यानं नाही, कारण घोडा पडला तर लेकरू त्याच्याखाली जातं. आणि मोठ्या माणसानं पुढ्यात घेऊन बसायचं हेही नाही, सगळे करतात, मला माहितीये, पण मोठं माणूस घसरलं की आधी लेकरावर पडतं. दोरी धरणारानं दोरी हाताला गुंडाळायची नाही, घडी घालून मुठीत धरायची. दोरी तुम्हीच धरणार असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा.

आणि तो बसायला नाही म्हणाला तर नको. मागच्या डिसेंबरला असंच एक पाच वर्षांचं पोरगं आलं होतं, घोड्याचं तोंड बघूनच रडायला लागलं. वडील म्हणायचे एवढे पैसे भरलेत, बस रे. मी म्हटलं राहू द्या. माझा मोतद्दार खरारा करायलाता, त्यानं पालथं घमेलं टाकून पोराला लांब बसवलं आणि आपलं काम करत राहिला, काही बोलला नाही. पंधरा मिनिटांनी पोरगं उठून घमेलं घेऊन दोन हात जवळ सरकलं. मग अजून दोन हात. मग मोतद्दार म्हणाला, "बाळा, आधी आवाज दी, मग हात लाव." घोड्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं पण अगदी मागचं आणि नाकासमोरचं टीचभर दिसत नाही, म्हणून आवाज देऊन बाजूनं खांद्यापाशी यायचं, हे त्यानं त्याला असं शिकवलं. संध्याकाळी ते पोरगं घोडीच्या पोटाला कान लावून उभं होतं. मला म्हणालं, "काका, आत पाणी उकळायलंय." मी त्याला सांगितलं की ते उकळणं सारखं ऐकू आलं पाहिजे, घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात काही अडलं तर बाहेर निघायला वरून रस्ताच नाही, म्हणून पोट गप्प झालं की आम्ही घाबरतो आणि डॉक्टरला बोलावतो. त्यानंतर दोन दिवस ते सकाळ-संध्याकाळ पोट ऐकून येऊन मला रिपोर्ट द्यायचं. घोड्यावर ते शेवटपर्यंत बसलं नाही. त्याच्या आईचा परवा मेसेज होता, घरी रोज विचारतंय घोडीचं पोट बरं आहे का.

हाच अनुभव डोक्यात ठेवून मी म्हटलं की घोड्याजवळ राहायला मिळणारं ठिकाण बघा.

मुलगी ११ वर्षांची म्हणजे शिकायचं उत्तम वय. तीन दिवसांत ती डावीकडून चढणं, उतरणं, थांबवणं, वळवणं आणि नीट मास्तर असेल तर लांब दोरीवर गोल गोल थोडी दुडकी एवढं शिकेल. चौखूर पळवायला तीन दिवसांत कुणी दिलं तर तो चुकतोय. रोज अर्धा ते पाऊण तास पुरे, कारण मांड्यांच्या आतले जे स्नायू लागतात ते एरवी आपण वापरतच नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. तिला एक गोष्ट आधीच घरी सांगून ठेवा, भीती वाटली की ओढायचं नाही, आवळायचं नाही, श्वास सोडायचा आणि पाठ मागे टेकवल्यासारखं बसायचं. खुर्चीवर बसवून चार वेळा करून घ्या. ऐनवेळी शिकवलेलं आठवत नाही, सवयीचं आठवतं.

आईंचं थोडक्यात. ६७ वर्षांच्या, कधी न बसलेल्या, हाडं ठिसूळ असण्याची शक्यता, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पडल्यावर साधा मार पण महागात पडतो. त्यांना बसवू नका. पण त्यांना तबेल्यापासून लांब खोलीत टीव्हीसमोर पण बसवू नका. खेड्यात वाढलेल्या असतील तर त्यांना हरभऱ्याची चंदी भिजवणं, कडबा तोडून घालणं हे सगळं येत असेल, माझ्याकडे आलेल्या कितीतरी आज्ज्यांनी माझ्या नव्या पोरांना कडबा कसा झटकून टाकायचा ते शिकवलंय. फक्त बिस्कीट, पोळी, गूळ असं स्वतःहून काही घालू नका, घोड्याचं खाणं अचानक बदललं की पोटशूळ होतो. घालायचंच असेल तर विचारून गाजर, लांब उभं चिरलेलं, तळहात सपाट ठेवून त्यावर. गोल चकत्या करायच्या नाहीत, घशात अडकतात.

सोबत काय आणायचं ते पण विचारलंय. जीन्स चालेल पण फार घट्ट नको. बंद बूट, थोडीशी टाच असलेले, कारण सपाट चप्पल-सँडलचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर माणूस अडकून फरपटत जातं, घोड्यावरचा सगळ्यात वाईट अपघात हाच. ओढणी, स्टोल, लोंबणारं काही नको. हेल्मेट जायच्या आधी विचारा, लेकरांच्या साइजचं आहे का, नुसतं "आहे" म्हणतात आणि मोठ्या माणसाचं निघतं, ते डोक्यावर फिरतं. मोटरसायकलचं हेल्मेट लेकरांना नको, मानेला जड होतं. स्वारीचं चांगलं हेल्मेट घ्यायचं असेल तर आतल्या लेबलवर एएसटीएम एफ ११६३ असं काहीतरी बघा. तेही नाही मिळालं तर लेकरांचं नीट बसणारं सायकलचं हेल्मेट घरून आणा, बोडक्या डोक्यापेक्षा हजारपट बरं. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. लिदीच्या मातीत त्याचे जंतू असतातच, आणि योगायोग असा की मुलाचा ५-६ वर्षांचा आणि मुलीचा १० वर्षांचा डोस नेमका आत्ताच झालेला पाहिजे, कार्ड काढून बघा, राहिला असेल तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी देऊन टाका. तुमचं तिघांचंही बघा.

दिवस कसे लावायचे म्हणाल तर पहिल्या दिवशी पुण्याहून येईपर्यंत दुपार होईल, त्या दिवशी कुणीही बसायचं नाही, संध्याकाळी चारा-पाणी बघायचं, घोड्यांची नावं पाठ करायची, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला तबेल्यात, आधी खरारा, मग मुलगी अर्धा तास, लहान्याची इच्छा असेल तर १० मिनिटं, ९ ला नाश्ता आणि मग वेरूळ किंवा देवगिरीचा किल्ला, दोन्ही एका दिवसात कोंबू नका, किल्ला चढून आलेल्या पायांनी संध्याकाळी रिकीब धरवत नाही. आईंना घृष्णेश्वराचं दर्शन करायचं असेल तर ते वेरूळच्या लेण्यांना अगदी लागूनच आहे. तिसऱ्या दिवशी मुलीला बाहेर माळावर न्यायला सांगा, मोतद्दार दोरी धरून सोबत. तुमच्या तारखा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या आसपास येत असतील आणि हाताशी अजून दोन दिवस असतील तर नांदेडकडे लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जाऊन या, इतके घोडे एका जागी लेकरांना एरवी बघायला मिळणार नाहीत, पण तिथे बसायचं बिलकुल नाही, गर्दीत बाजारातला अनोळखी घोडा, आणि लहान्याला खांद्यावर घ्या.

तारखा पक्क्या करताना एक बघा, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. तेव्हा वेरूळ दुसऱ्या कुठल्या दिवशी टाका आणि मंगळवार मधे येत असेल तर तो अख्खा तबेल्यातच जाऊ द्या.